खोट्या चतुर्थ्या

तव्यावर सुकट पडली की माझा हात आपोआप खिडकीकडे जातो. आधी खिडकी, मग चुलीवरचा पंखा, मग दाराच्या फटीला जुना टॉवेल आणि शेवटी उदबत्ती. जर्सी सिटीतल्या या उंच इमारतीत खिडकी चार बोटंच उघडते, तिच्यातून नदीचं वारं आत येतं आणि वास बाहेर जायच्या ऐवजी कॉरिडॉरमध्ये जाऊन बसतो. आज रविवार, दुपारची वेळ, टॉवेल अजून हातातच होता आणि दारावर टकटक झाली. शेजारच्या घरात नुकतीच राहायला आलेली मुलगी होती. तिचं पार्सल चुकून माझ्या दारात पडलं होतं. इथल्याच कॉलेजात शिकते, मराठी आहे, एवढं लिफ्टमध्ये कळलं होतं. पाठीवरच्या सॅकला एक गोल बिल्ला होता, त्यावर 'घरातली पहिली' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द. मी सहज म्हटलं, "जेवायला थांबतेस का?" तिने एकदा माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको काकू, मी व्हेज आहे." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काकू म्हटलं, त्याचं वाईट वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही. मी अडकले ते तिच्या उत्तराच्या वेगात. प्रश्न पुरा व्हायच्या आत आलेलं, आधीपासून तयार ठेवलेलं उत्तर. ती पार्सल घेऊन गेली आणि मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले, कारण तो वेग माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

संशय आमच्या घरात वडिलांकडून आला. ते तालुक्याच्या बसडेपोत मेकॅनिक होते. दुसऱ्याने आवळलेला नट पुन्हा स्वतः आवळून पाहिल्याशिवाय ते गाडी सोडत नसत आणि माणसांच्या बाबतीतही त्यांचा नियम तोच होता. मी शिकायला अमेरिकेला निघाले तेव्हा आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं माझ्याखेरीज कुणी नव्हतं. तिकडे कसं वागायचं, कुणाला काय विचारायचं, हे सांगायला कुणाकडे काही नव्हतं. वडिलांकडे होतं ते त्यांनी दिलं. म्हणाले, "कुणी फुकट काही देत असेल तर आधी बघ, का देतोय. आणि कळल्याशिवाय कशावर सही करू नको." विमानात मी ते वाक्य इतक्यांदा घोकलं, की मिशिगनमधल्या ॲन आर्बरला उतरल्यावर पहिल्यांदा घडलेली गोष्ट म्हणजे एका अनोळखी बाईने माझी बॅग उचलायला हात पुढे केला आणि मी बॅग छातीशी धरली.

त्या गावात तर सगळंच फुकट मिळत होतं. टी-शर्ट फुकट, पिझ्झा फुकट, पाण्याच्या बाटल्या फुकट, आणि हसू तर रस्त्यावर सांडलेलं. समोरून येणारा माणूस हसला की मी मागे वळून बघायचे, हा नक्की कुणाला हसतोय म्हणून. "कशी आहेस?" असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जाणाऱ्या माणसांचा मला राग यायचा, आणि एखादा थांबलाच तर त्याचा संशय. पहिल्याच महिन्यात विद्यापीठाची मेल आली: ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही अशा विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळी मेळावा आहे, जेवण आहे, या, एकमेकांना भेटा. मी ती मेल वाचली आणि मला आमच्या शाळेतला वर्ग दिसला. गुरुजी दारातून ओरडायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो आणि उरलेला वर्ग आमच्याकडे वळून बघायचा. कोण उभं राहिलं हे वर्षभर कुणी विसरत नसे. म्हणजे इथेही तेच, फक्त पिझ्झा देऊन उभं करणार. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेलेली मुलं सॅकवर बिल्ले लावून हिंडताना दिसली, तेही हसत, आणि मला त्यांची भीतीच वाटली. असली गोष्ट कुणी अशी मिरवतं का?

माझा संशय केवळ वडिलांचा नव्हता, त्यात माझीही कमाई होती. आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, 'कर'मध्ये संपणारं. त्यावरून काही कळत नाही आणि न कळणं आपल्या लोकांना सोसत नाही. पुण्यात होस्टेलला असताना माझ्या रूममेटला ते कळायला एक सत्र लागलं. आमचं कसं छान जमलं होतं. तिच्या आईच्या हाताचं लोणचं आम्ही एकाच बरणीतून खायचो. एक दिवस तिने जात विचारली, मी सांगितली. फक्त त्यानंतर बरणी तिच्या कपाटात गेली. भांडण झालं असतं तर मी भांडले असते. पण कपाटात गेलेल्या बरणीशी कसं भांडायचं? तेव्हापासून मी प्रश्नांच्या आधी उत्तरं तयार ठेवायला शिकले.

ज्यांना मी पुढे काकू म्हणू लागले, त्या भेटल्या बसमध्ये. मी वडिलांशी फोनवर बोलत होते, तो ठेवला तशी पलीकडच्या सीटवरून आवाज आला, "मराठी का गं तू?" पन्नाशीच्या आसपासच्या बाई, जाड कोट, गळ्यात विद्यापीठाच्या हॉस्पिटलचं ओळखपत्र. तिथे लॅबमध्ये कामाला होत्या. काका इंजिनियर, कामानिमित्त सतत फिरतीवर. मग सुरू झालं. कुठली तू? मी म्हटलं, पुण्याची. पुण्यात कुठे? मी होस्टेलचा भाग सांगितला. मूळ गाव? मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, आमचं तिकडे आता फारसं कुणी नाही. त्यांनी पर्समधून सँडविच काढलं, अर्धं माझ्यापुढे केलं. आत अंडं होतं. मी नको म्हटलं, कारण अनोळखी माणसाच्या हातचं खायचं नाही, एवढंच. पण नकाराला कारण लागतं आणि ते त्यांनीच पुरवलं. "अगं हो, आज संकष्टी ना. उपवास असेल तुझा."

मला तो सापळाच वाटला. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न कुठला येईल हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो." काकूंनी आपलं सँडविच कागदात गुंडाळून परत पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "माझाही आहे. हे लॅबमधल्या मुलीसाठी घेतलंय."

आमच्या घरात कधी कुणी चतुर्थी धरली नव्हती. उपवासाला जिरं चालतं, हळद चालत नाही, हे मला नेटवर शोधावं लागलं. पुढच्या संकष्टीला काकूंचा मेसेज आला: खिचडी केली आहे, स्टॉपवर ये. आणि मग दर संकष्टीला बसस्टॉपवर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा हातात पडू लागला, वर चंद्रोदयाची वेळ मेसेजवर. मिशिगनच्या हिवाळ्यात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, तिथे मी चंद्राची वाट बघणार. पण काकूंची लॅब कॅम्पसवरच. कुठे, केव्हा समोर येतील याचा नेम नाही. म्हणून त्या दिवशी मी मेसच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. न धरलेला उपवास मी धरलेल्या उपवासाहून कडक पाळत होते.

आणि हे सगळं करत असताना मी काकूंना सतत तपासत होते. ही बाई मला का खायला घालते? कुणी भाचा-पुतण्या लग्नाचा असेल. की पुढे मूल सांभाळायला सांगणार? पण त्यांना मूल नव्हतं. मग नक्की चाचपणीच असणार, आज ना उद्या गाव विचारतील, गावात घर कुठल्या अंगाला ते विचारतील. बर्फावर मी एकदा आपटले तेव्हा त्यांनी मला उठवून चालायला शिकवलं. "इतके पाय रोवून चालू नकोस गं, म्हणून तर पडतेस. गुडघे जरा सैल सोड." मी हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, आता ही माझ्या चालण्यातही शिरली. त्यांच्या घरी दोन-चारदा गेले. हॉलमधल्या शोकेसमध्ये पितळी गणपती होता, पण त्याच्यापुढे फूल कधी दिसलं नाही. आतल्या एका खोलीचं दार मी गेले की लावलेलं असायचं. एकदा तर मी बूट काढत असताना काकू लगबगीने जाऊन ते लावून आल्या. त्या दाराआड काय असेल यावर मी कितीतरी बसप्रवास खर्च केले.

दुसऱ्या वर्षी माझा तोल गेला तो बर्फावर नाही. माझं संशोधन पुलांच्या पोलादाला वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने पडणाऱ्या बारीक भेगांवर होतं. लॅबमध्ये आम्ही चौघं, मोजमापं वाटून घ्यायची पद्धत. मला ते कधी जमलंच नाही. दुसऱ्याने घेतलेलं प्रत्येक माप मी गुपचूप पुन्हा घ्यायचे. शिवाय वर्ग होते, शिकवणं होतं आणि ज्या गोष्टी बाकीच्यांना आईवडिलांकडून माहीत असाव्यात अशा वाटत, त्या चोरून शिकणं होतं. माझे गाईड सर काही विचारायचे तेव्हा मी "सगळं ठीक" म्हणायचे. काम पूर्ण निर्दोष झाल्याशिवाय त्यांना दाखवायचंच नाही, आणि निर्दोष तर काहीच होत नाही, त्यामुळे मी काही दाखवतच नव्हते. झोप गेली, जेवणाचं गणित गेलं. आणि एका गुरुवारी सरांची मेल आली. एवढीच: "आपल्याला बोलायला हवं. या दिवसांत कधी येतेस?"

आमच्याकडे ऑफिसात बोलावणं चांगल्यासाठी येत नाही. मी ती ओळ इतक्यांदा वाचली की तिच्यात मला जे हवं ते दिसायला लागलं. 'हवं' म्हणजे सक्ती. 'या दिवसांत' म्हणजे मुदत. कुणाला दाखवू? घरी विचारलं तर वडील म्हणणार, कशावर सही करू नको. मी उत्तर दिलं नाही. काढून टाकतील त्याच्या आत आपणच निघावं, असं रविवार उजाडेपर्यंत माझं ठरलं. घरातल्या पहिल्या मुलीला परत पाठवलं, असं गावात कुणी म्हणायला नको. आजारी पडले म्हणून परत आले, असं सांगता येईल. मी बॅग काढली आणि कपाटात काकूंचे साठलेले डबे दिसले. डबा रिकामा परत करू नये, एवढं घरचं वळण शिल्लक होतं. एकेका डब्यात मूठमूठ साखर घातली आणि निघाले. मेसेज केला नाही. अमेरिकेत न कळवता कुणी कुणाच्या दारात जात नाही, पण मेसेज केला असता तर त्यांनी प्रश्न विचारले असते.

त्या दिवशी संकष्टी होती. काकूंच्या घराच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं आणि मी थबकले. थंडीत वास लांबून येतो. स्वयंपाकघरातून भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून भाजलेल्या सुकटीचा, कांद्याचा, लाल तिखटाचा वास बर्फावर उतरत होता. आमच्या आठवडी बाजारातला, आईच्या तव्यावरचा वास. सुकट काय, कितीक लोक खातात. पण चतुर्थीला? मी घंटी वाजवली. आत भांडं वाजलं, फवाऱ्याचा सूं सूं आवाज झाला, बऱ्याच वेळाने दार उघडलं. काकूंच्या एका हातात रूम फ्रेशनर, दुसरा हात तिखटाने लाल. "अगं तू? मेसेज तरी करायचास. ते ना, शेजारचे काहीतरी... त्यांच्याकडे फिश करतात, सगळा स्मेल आपल्याकडे येतो बघ." बोलत होत्या माझ्याशी आणि बघत होत्या माझ्या चेहऱ्याकडे, मला किती कळलंय ते. ती नजर मी ओळखली. ती माझी होती. आरशाशिवाय दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर मी ती कधी पाहिली नव्हती. मला त्यांची इतकी माया आली की रडू येईल असं वाटलं.

मी म्हटलं, "काकू, सोबत भाकरी आहे का?"

त्यांनी तिखटाचा हात पाठीमागे नेला. मग हळूच म्हणाल्या, "आज चतुर्थी आहे गं."

"माझी कधीच नव्हती."

काकूंनी फ्रेशनर खाली ठेवला, दार पुरतं उघडलं आणि माझा हात धरून मला आत नेलं, थेट त्या लावलेल्या दारापाशी. दार ढकललं. समोर बुद्धाची लहानशी मूर्ती, विझलेली मेणबत्ती आणि भिंतीवर ती तसबीर, निळा कोट, चष्मा, हातात ग्रंथ, जिच्यावाचून आमच्याकडचं घर घर होत नाही. मी हात जोडले आणि आमचा तो दोन शब्दांचा नमस्कार केला. इतक्या महिन्यांत तो तोंडातून निघाला नव्हता. काकूंनी तोच नमस्कार परत केला आणि डोळे पुसायला हात वर नेला, तो तिखटाचा. मग बेसिनपाशी पाणी मारत आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो आणि रडत होतो, त्यातलं तिखटाचं किती ते कुणालाच कळलं नाही.

पानावर बसल्यावर सगळं उलगडलं. मी सँडविच नाकारलं तेव्हा त्या घाबरल्या होत्या. त्यांच्या अमेरिकेतल्या पहिल्या गावात, दुसऱ्या राज्यात, असंच एका मराठी ग्रुपमध्ये कळल्यावर बोलावणी थांबली होती. कुणी काही बोललं नव्हतं. काकांनी आडनाव कोर्टात जाऊन बदललं होतं ते त्याच्याही आधी. लॅबमधली दुसरी मराठी बाई चतुर्थीला डबा आणत नाही, म्हणून त्यांना तारखा पाठ झालेल्या. "मला वाटलं, ही पुण्याची, एवढी कडक पाळणारी. आपण जपून राहावं." मी विचारलं, "मग खिचडी का देत राहिलात?" त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "तू तेवढंच घेत होतीस ना. दुसरं काही दिलं असतं तर घेतलं असतंस?"

मी एका संशयापोटी उपाशी राहिले होते आणि त्यांनी दुसऱ्या संशयापोटी साबुदाणा भिजवला होता. मग मी सरांची मेल दाखवली आणि निघायचं ठरवलंय हेही सांगितलं. काकूंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "यात तर काहीच नाहीये." मी 'हवं' आणि 'या दिवसांत' यांचे अर्थ समजावून सांगायला लागले, तसं त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "माझ्या खिचडीतून तू काय काय वाचलंस, ते एक तरी बरोबर निघालं का? मीही तुझ्या नकारातून वाचलंच की. कदाचित तुझे सर वाईट असतीलही, मला काय माहीत. पण जाऊन विचार तरी. इथे बसून काय कळणार यार?" पन्नाशीच्या बाईच्या तोंडून तो 'यार' ऐकून मला पुन्हा हसू आलं. बॅग उघडीच होती, ती त्या रात्री भरली नाही.

सरांना भेटले तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी काढून टाकायचं नावही काढलं नाही. बाकीच्या तिघांना मी त्यांची मापं पुन्हा घेते हे कधीच कळलं होतं. सर म्हणाले, "पोलादावर संशय घे, ते तुझं कामच आहे. आमच्या सगळ्यांवर घ्यायला तुझ्याकडे वेळ नाही." मग त्यांनी एक वर्ग सोडायला लावला, शिकवण्याचा एक तास कमी केला आणि दर आठवड्याला अर्धवट, चुकलेलं, न जमलेलं काम घेऊन यायला सांगितलं. हा चांगुलपणा होता, की त्यांच्या प्रकल्पाचं नुकसान नको म्हणून केलेली सोय, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. कागद पूर्ण वाचूनच सही केली, हे मात्र वडिलांना फोन करून सांगितलं. पदवी मिळाली तेव्हा ते व्हिडिओवर होते. सोहळा बघायचा सोडून मला म्हणाले, "मागे ती खुर्ची नीट लावलेली नाही, कुणी पडेल." माझं खरं पदवीदान ते.

त्यानंतरच्या संकष्ट्या आम्ही दोघींनी सुकट-भाकरी खाऊन साजऱ्या केल्या. खिडकी लावून, पंखा चालू ठेवून, उदबत्ती लावून. एवढं सगळं उघड झाल्यावरही ती उदबत्ती सुटली नाही, आणि त्याचं आम्हाला हसूही येत असे. काकू अजून तिथेच आहेत, अजून मेसेजवर चंद्रोदयाची वेळ पाठवतात, आणि मी इथून तव्याचा फोटो पाठवते. काळ जातो म्हणतात, तो आमच्यावरून जातो तेव्हा काहीतरी मागे ठेवून जातो. बरणी कपाटात ठेवणारी ती मुलगी मी केव्हाच विसरले, तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. पण तव्यावर सुकट पडली की खिडकीकडे जाणारा माझा हात तिला विसरलेला नाही. संशय गेला, असं म्हणायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. फक्त आता तो येतो तेव्हा मी त्याला बसायला खुर्ची देते आणि स्वतः उठून दार उघडते.

आणि आज ही मुलगी. घरातली पहिली असल्याचा बिल्ला ती बिनदिक्कत सॅकवर लावते, जे मला कधी जमलं नाही, आणि जेवायचं विचारलं की घाईने व्हेज होते. कदाचित खरंच व्हेज असेल. असतात माणसं. सुकटीचा वास कुणाला नकोसा वाटत असेल. तरी ती दारातून वळताना माझ्या ओठांवर आलं होतं, 'गाव कुठलं गं तुझं?' आणि ते मी गिळलं, कारण तो प्रश्न माझ्याच आवाजात ऐकताना तो कुणाच्या कानाला कसा लागतो ते मला आठवलं. मायेने विचारला तरी तो तोच प्रश्न राहतो. काकूंनीही तो मायेनेच विचारला असेल का? मी त्यांना कधी विचारलंच नाही.

हातातला टॉवेल मी दाराच्या फटीला न लावता घडी करून ओट्यावर ठेवला. उदबत्तीही लावली नाही. वास जाऊ दे कॉरिडॉरमध्ये, जिथपर्यंत पोचायचाय तिथपर्यंत. सुकट उतरवली, परात घेतली, ज्वारीचं पीठ काढलं आणि पहिल्या मुठीनंतर थांबून आणखी एक मूठ घातली. ती आली आणि सुकट नको म्हणाली तर नको. भाकरी तर व्हेजच असते.